सुतारपक्ष्यांची हजेरी

खोक्यांच्या कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत हजेरीबाई. फाटकाला चिकटून एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीच्या आत ती आणि बाहेर सकाळी आठला दोनशे माणसांची रांग. माणसाने पितळी बिल्ला दाखवायचा, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघायचं आणि वेळ लिहायची. अठ्ठावीस वर्षं हेच.

"बाई, जरा आधीची वेळ टाका ना, आपला समजून," असं कुणी लाडीगोडीने म्हणालं तर ती मान वर न करता म्हणे, "आपला समजते म्हणून खरी टाकते. परका असतास तर आत कशाला घेतला असता?"

एक माफी मात्र कारखान्यानेच दिलेली होती. मिनिटं पाचापाचांनी मागे कापायची. आठ वाजून तीन मिनिटांनी आलेला आठलाच आला असं धरायचं, आठ वाजून नऊला आलेला आठ पाचला. पहिल्या मालकाचा हा नियम तिच्या हातात इतका मुरला होता की घड्याळ काही दाखवो, बोटं आपोआप मागच्या पाचावर जाऊन थांबत.

खिडकीसमोर, फाटकाच्या आतल्या अंगाला, एक वठलेलं झाड उभं होतं. साल गळून गेलेली, फांद्या तीनच, त्याही मोडक्या. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने हजेरीचं बुक उघडलं तर त्यावर लाकडाचा बारीक चुरा. दुसऱ्या दिवशीही तोच. वर ठकठक ऐकू येई, पण सगळ्यांना वाटे पाण्याचा पंप कुरकुरतोय. तिने खिडकीतून मान बाहेर काढली तेव्हा दिसलं, एक सुतारपक्षी खोडाला उभा चिकटलाय, डोक्यावर लाल टोपी, पाठीवर काळे-पांढरे पट्टे, आणि चोचीने भोक पाडतोय. थोड्या वेळाने दुसरा आला. त्याच्या डोक्यावर लाल काही नव्हतं. पहिला उडाला, दुसरा कामाला लागला.

"पाळी बदलली की हो!" ती रखवालदाराला म्हणाली. या रखवालदाराला सगळे शिट्टीकाका म्हणत, कारण तो ट्रकना हाताने थांबवतच नसे, शिट्टीनेच थांबवे.

"आपल्या माणसांपेक्षा वक्तशीर आहेत," शिट्टीकाका म्हणाला. "घ्या त्यांची पण हजेरी."

तो थट्टेने बोलला, तिने खरंच घेतली. जुन्या हजेरीबुकाच्या मागे कोरी पानं होती. रकाने तेच ठेवले: क्रमांक, आत, बाहेर, शेरा. लाल टोपीचा नर क्रमांक एक, बिनटोपीची मादी क्रमांक दोन.

अंडी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दिवसा दोघं पाळीपाळीने बसतात, पण संध्याकाळ झाली की मादी उडून जाते आणि नर आत शिरतो, तो उजाडल्यावरच बाहेर पडतो. रोज. ते बघायला ती उजाडायच्या आत येऊन बसे आणि पाळी सुटल्यावरही थांबे. हे तिने घरी सांगितलं. घर म्हणजे दोन खोल्या आणि दोन जावा. दोघींचे नवरे देवाघरी गेलेले. थोरल्या जावेला ती मोठ्याबाई म्हणे. मोठ्याबाई शाळेचे गणवेश शिवत आणि तोंडात टाचण्या धरूनसुद्धा अखंड बोलत.

"म्हणजे अंड्यांवर बाप्या बसतो?" मोठ्याबाईंनी मशीनच थांबवली.

"रात्रभर."

"आणि ती?"

"ती जाते निघून."

"धन्य गं बाई! आमच्या ह्यांना एकदा पाळणा हलवायला सांगितला होता. पाळणा हलवता हलवता स्वतःच घोरायला लागले, लेकरू उठून बसलं."

हसून झालं, पण हजेरीबाईला त्या मादीचं वागणं खटकत होतं. तिने क्रमांक दोनच्या पुढे शेरा मारला: कामचुकार. महिनाभर तो शेरा तसाच राहिला. मग एकदा पंपाच्या खोलीकडे काही कामाला गेली असताना तिला झाडाच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूला आणखी एक जुनं भोक दिसलं, आणि त्यात शिरणारी क्रमांक दोन. ती दुसरीकडे कुठे भटकत नव्हती. रात्री आपल्या खोलीत झोपत होती आणि पहाटे बरोबर पाळीवर हजर होत होती. हजेरीबाईने शेरा एका रेघेने खोडला, बाजूला सही केली आणि मनातल्या मनात देवाची आणि त्या पाखराची माफी मागितली. बाईमाणसाबद्दल न बघता बोलल्याचं तिला खूप दिवस लागून राहिलं.

पिल्लं उडून गेल्यावर लोकांना वाटलं, संपलं. ते संपत नाही हे फक्त तिला माहीत होतं. घरटं ही बाळंतपणाची खोली. बाळंतपण उरकलं म्हणून कुणी घर सोडून जातं का? थंडीच्या दिवसांतही दोघं रोज तिन्हीसांजेला येत, एक पुढच्या भोकात, एक मागच्या. एका भोकात एकच. नवराबायको असली तरी खोल्या वेगळ्या.

अशी तीन वर्षांची पानं भरली. मग नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी ठरवलं की त्या जागी दुचाकी ठेवायची शेड हवी. झाड कापायचं तर नगराच्या झाडखात्याची परवानगी लागे. एका सोमवारी अकरा वाजता खात्याचे तपासनीस आले. पन्नाशीचे, हातात काठी, काखेत फाईल. त्यांच्या कागदावर एक प्रश्न छापलेला होता: झाडावर पक्ष्यांची वस्ती आहे काय? त्यांनी काठीने खोडावर चार टोले मारले, वर बघितलं, काही उडालं नाही. त्यांनी 'नाही' वर खूण केली आणि तोडण्याची तारीख घातली. शनिवार.

हजेरीबाई खिडकीतून बोलली. "साहेब, आत्ता माझ्या घराचं दार वाजवलंत तरी कुणी उघडणार नाही. म्हणजे मी तिथे राहत नाही का?"

तपासनीस वळले. "कोण या?"

"आमच्या हजेरीबाई," व्यवस्थापक म्हणाले. "त्यांना पाखरांचा नाद आहे."

"नाद नाही, नोंद आहे," ती म्हणाली आणि तिने बुक बाहेर सरकवलं. "दोघं राहतात. तीन वर्षांचं आत-बाहेर आहे यात."

तपासनिसांनी चष्मा चढवला. माणूस कामाचा होता, त्याने पानं नुसती चाळली नाहीत, वाचली. पाच-सहा पानं झाल्यावर तो हसला.

"बाई, पाखरं घड्याळ बांधून येतात का? पाच पन्नास, पाच पंचेचाळीस, सहा पाच, सहा दहा. एकही वेळ पाच त्रेपन्न नाही, एकही सहा सात नाही. तीन वर्षांत एकदासुद्धा नाही. हे झाडाखाली उभं राहून लिहिलेलं नाही, घरी बसून भरलंय."

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने बुक ओढून घेतलं, पान बघितलं, आणि तिला दिसलं. सगळ्या वेळा शून्यावर नाहीतर पाचावर. हात! हाताने माणसांची माफी पाखरांनाही देऊन टाकली होती, आणि तिला तीन वर्षं पत्ता नव्हता.

"मग आमच्या कामगारांची हजेरी पण अशीच भरता की काय?" व्यवस्थापक म्हणाले. मोठ्याने. रांगेतल्या ट्रकवाल्यांना ऐकू जाईल असं.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या लिहिण्यावर कुणी बोट ठेवलं होतं आणि ते बोट अर्धं खरं होतं. नुसतं झाड गेलं असतं तर ती एकदा रडून मोकळी झाली असती. पण झाडाबरोबर तिचा शब्दही कापला जाणार होता, आणि तोही खोटारडेपणाच्या खाती.

त्या संध्याकाळी ती पाळी सुटल्यावर खिडकीतच बसली. क्रमांक एक आला. घड्याळात पाच बावन्न. तिने लिहिलं पाच पन्नास. थांबली. एक रेघ मारली, सही केली, पाच बावन्न लिहिलं. बोटं एखाद्या हट्टी बैलासारखी अडत होती.

घरी मोठ्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. हे क्वचितच घडे.

"खोटं लिहिलंस?"

"खोटं नाही हो. कापून लिहिलं."

"मी गणवेशाच्या शिवणीत अर्धा इंच आत सोडते. माप खोटं होतं का?"

"नाही."

"पण मी गिऱ्हाइकाला सांगते, बाई गं, अर्धा इंच आत आहे. तू सांगितलं नाहीस. तुझी चूक एवढीच. तेवढी कबूल कर आणि उरलेलं त्यांच्या पदरात टाक. तोंडात मूग धरून काय बसलीस?"

"साहेब चारचौघांत बोलले, मोठ्याबाई."

"मग तू आठचौघांत बोल. आणि आधी जेव. उपाशी माणसाचा आवाज फुटत नाही."

मंगळवारी पाच एक्कावन्न. बुधवारीही पाच एक्कावन्न. दिवस आखडत चालला होता, पाखरंही उजेडामागे आखडत होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती झाडखात्यात गेली. लांबट खोली, भिंतीला फायलींची चळत, टेबलावर शाई सुकलेला शिक्का. तपासनीस डबा उघडत होते.

"माझी चूक झाली, ती सांगायला आले," ती उभ्यानेच म्हणाली. "आणि तुमची झाली, तीही सांगायला आले."

"माझी?"

"आधी माझी ऐका. आमच्या फाटकावर मिनिटं पाचापाचांनी कापतात. सवयीने मी पाखरांचीही कापली. वेळा तीन-चार मिनिटांनी मागे आहेत. पाखरं मात्र खरी आहेत. ही सोमवारपासूनची मिनिटं बघा, आता कापलेली नाहीत. आता तुमची. रिकामं भोक बघायला तुम्ही भर उन्हात आलात. सगळं जग कामाला गेलेलं असतं तेव्हा. तिन्हीसांजेला या. दिवस तुम्ही सांगा, मिनिट मी सांगते."

तपासनिसांनी डब्याचं झाकण परत लावलं. "उद्या. उद्याचं मिनिट सांगा."

"पाच एकोणपन्नास. ढग आले तर थोडं आधी."

"आणि नाही आला तर?"

"तर शनिवारी करवतवाल्यांना फाटक मी उघडून देते. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

परत येताना तिने वाटेत देवाचं नाव घेतलं, पण मागितलं काही नाही. चोच देणारा चाराही देतो म्हणतात. वठलेलं झाड उभं ठेवायचं काम मात्र त्याने माणसांवर सोडलंय, असं तिला वाटलं.

शुक्रवारी आभाळ निरभ्र होतं. साडेपाचला पाळी सुटली आणि नेमकं जे तिला सुचलं नव्हतं ते झालं. शिट्टीकाकाने कालपासून सगळ्या कारखान्यात बातमी पसरवली होती. चाळीसेक माणसं घरी जायची सोडून झाडाखाली गोळा झाली, तोंडं वर करून. तिच्या बाजूचीच सगळी. कुणी म्हणत होतं, "आपल्या बाईंची इज्जत आहे, थांबलंच पाहिजे." तपासनीस आले, व्यवस्थापकही आले, हात कमरेवर ठेवून खोडाला टेकून उभे राहिले.

पाच सेहेचाळीसला पाण्याच्या टाकीवरून एक तीक्ष्ण किंकाळी आली. क्रमांक एक. तो झाडाच्या दिशेने निघाला, वर एक वळसा घेतला आणि परत टाकीवर गेला. पाच अठ्ठेचाळीसला पुन्हा तेच. पाच एकोणपन्नास झाले. पन्नास झाले.

"बाई, वेळ गेली तुमची," व्यवस्थापक म्हणाले.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने पेन ठेवलं आणि खोलीचं दार उघडून बाहेर आली. तिला दाराबाहेर बघायची माणसांना सवय नव्हती, खिडकीतच बघायची होती. वर केलेली तोंडं तिच्याकडे वळली.

"काय जत्रा आहे का इथे? चाळीस माणसं दाराशी उभी राहिली तर तुम्ही तरी घरात शिराल का? चला, व्हा बाहेर! जो थांबेल त्याची उद्याची हजेरी मी लावणार नाही!"

माणसं हसत, एकमेकांना ढकलत फाटकाबाहेर पळाली. सगळ्यांत पुढे शिट्टीकाका. खोडाला टेकलेले व्यवस्थापक तेवढे हलले नाहीत.

"साहेब, तुम्हीसुद्धा."

"मी व्यवस्थापक आहे या कारखान्याचा."

"ते त्याला माहीत नाही."

तपासनीस खोकले. खोकला होता की हसू, ते कळलं नाही. एका माणसाच्या खोलीत तिघं कोंबून उभी राहिली, तिने खिडकी बोटभर फटीपुरती लावली. बाहेर उजेड तांबूस होऊन विटायला लागला होता. व्यवस्थापकांच्या अत्तराचा वास खोलीत भरला.

मग तो आला. खालून वर झोके घेत आला आणि भोकाच्या हातभर खाली खोडाला चिकटला. शेपूट खोडाला टेकवली, मान डावीकडे, उजवीकडे. दोन उड्या वर. भोकात डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा चौफेर बघितलं, जणू दाराला कुलूप लावण्याआधी गल्ली न्याहाळणारा म्हातारा. मग सगळाच आत गेला. एका क्षणाने लाल टोपी भोकाच्या तोंडाशी दिसली, आणि मग भोक नुसतं काळं राहिलं.

तिने लिहिलं: क्रमांक एक, आत पाच छप्पन्न.

"एकोणपन्नास म्हणाला होतात," व्यवस्थापक म्हणाले. "सात मिनिटं चुकलात."

"चुकलं. म्हणून तर छप्पन्न लिहिलं. शेरा बघा: उशीर, झाडाखाली चाळीस माणसं." तिने पेनाचं टोक पुढे केलं. "त्यात एक व्यवस्थापक."

तपासनिसांनी फाईल गुडघ्यावर धरली आणि 'नाही' खोडून 'होय' वर खूण केली. "संख्या एक," ते पुटपुटले.

"दोन."

"मी एकच बघितला, बाई."

"मग उद्या पुन्हा या आणि पंपाच्या पायरीवर बसा. न बघता लिहा असं मी म्हणत नाही. पण अर्धी हजेरी मी कुणाचीच लावत नाही."

करवतवाल्यांना निरोप गेला. शनिवारी तपासनीस खरंच आले, पंपाच्या पायरीवर रुमाल टाकून बसले, आणि पाच चौपन्नला क्रमांक दोन त्यांच्या डोक्यावरून आपल्या खोलीत गेली. जाताना ते खिडकीशी थांबले.

"वर पाठवायला बुक लागेल. फक्त ती जुनी पानं फाडून टाका. नवी तेवढी पुरे आहेत. जुनी बघून वरचे नसते प्रश्न काढतील."

"काढू देत."

"तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"कळतंय मला. पण पान फाडलं तर मी ते खोटं होतं असं कबूल केल्यासारखं होईल. ते खोटं नाही." तिने बुक उघडलं, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: या पानांवरच्या वेळा सवयीने पाच मिनिटांच्या आत कापलेल्या आहेत, चूक माझी, पक्षी दोन, दोन्ही खरे. खाली सही केली आणि बुक त्यांच्या हातात दिलं. "असंच्या असं पाठवा. नाहीतर पाठवू नका."

त्यांनी असंच्या असं पाठवलं. वरून प्रश्न आले, तिने तीन वेळा जाऊन उत्तरं दिली. एकदा तर मोठ्याबाईही बरोबर गेल्या आणि तिथल्या कारकुनाला अर्ध्या इंचाची गोष्ट ऐकवून आल्या. अखेर कागद आला: वस्ती आहे तोवर झाड तोडू नये. शेड मागच्या भिंतीला लागली. दुचाकीवाल्यांना चाळीस पावलं जास्त चालावं लागे, त्यांनी कुरकुर केली आणि मग विसरले.

व्यवस्थापक विसरले नाहीत, कागदातलं 'वस्ती आहे तोवर' तर नाहीच. त्यांनी आपल्या गाडीची जागा बदलून घेतली, झाडासमोर, आणि निघायची वेळ पावणेसहाची केली. दिव्यांचा झोत बरोबर भोकावर पडे, वर फाटकाशी हॉर्न. दोन संध्याकाळी क्रमांक एक टाकीवरूनच परत गेला. तिसऱ्या संध्याकाळी गाडी फाटकाशी आली तेव्हा आडवा दांडा खाली होता.

"शिट्टीकाका, उघड की!"

शिट्टीकाकाने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून आवाज आला, "दांडा माझ्या सांगण्यावरून बंद आहे, साहेब. त्यांना काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला. कामात अडथळा, वरिष्ठांचा अवमान, पुन्हा घडल्यास कारवाई. तिने तो दोनदा वाचला, मिळाल्याची सही केली, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला. मोठ्याबाईंना दाखवावा की नाही याचा विचार केला आणि दाखवायचं ठरवलं. त्यांना शिव्या घालायला नवीन विषय मिळाला असता.

पावणेसहाला गाडी आली. दांडा खाली होता.

साहेबांनी काच खाली केली. "बाई, मेमो मिळाला ना?"

"मिळाला. वाचला. दिवे बंद करा, साहेब, तो टाकीवर आलाय."

"तुम्हाला नोकरी नकोय का?"

"हवी आहे. मी माझ्या कामावरच बसलेय." तिने पेनाचं टोपण काढलं. "दिवे."

बराच वेळ काही झालं नाही. मग दिवे बंद झाले. साहेबांचा हात मात्र हॉर्नवरच होता, आणि ती खिडकीत ताठ उभी राहून त्या हाताकडेही बघत होती आणि झाडाकडेही.